सुपारी कोणी दिली?

परदेशी रॉक बँड भारतात येणार अशी बातमी आली की तिच्यात दोन शब्द हमखास असतात, 'नवी बाजारपेठ'. बँडचा मॅनेजर ते म्हणतो, तिकिटं विकणारी कंपनी म्हणते, पर्यटनमंत्री म्हणतात आणि आपणही अभिमानाने म्हणतो. जगाच्या नकाशावर आलो म्हणून आपल्याला बरं वाटतं. मला या दोन शब्दांचा राग आहे. रॉकचा मला राग नाही. मी तळेगाव दाभाड्यात राहतो आणि गेली तीसेक वर्षं हेच संगीत ऐकतो. आयर्न मेडनसाठी मी मुंबईला गेलो होतो, आणि उद्या ते गहुंज्याला आले तर चालत जाईन. पण गहुंजे त्यांच्या दौऱ्यात 'बाजारपेठ' म्हणून येणार असेल, तर त्या व्यवहारात गहुंज्याची सही कुठे आहे, हे मी आधी विचारणार.

हा प्रश्न हवेतला नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागून, मावळ तालुक्यात, २०१२ मध्ये सुरू झालेलं क्रिकेटचं मोठं स्टेडियम उभं आहे. त्यात सदतीस हजारांच्या आसपास माणसं बसतात, मैदानात उभी केली तर आणखी. एका बाजूला मुंबईचा खिसा, दुसऱ्या बाजूला पुण्याचा, मधे टोलचा रस्ता. घाटाला वळसा देणारे 'मिसिंग लिंक'चे बोगदे लोणावळ्याजवळ कुसगावला बाहेर येतात. नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टूने त्यांच्या 'जोशुआ ट्री' दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने तिथेच तीन दिवस स्टेडियम भरवलं. त्यानंतर कुणीतरी मावळाकडे बोट दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून बोलायची वेळ आत्ताची आहे. मंच उभा राहिल्यावर बोलून उपयोग नसतो.

दौरा कसा ठरतो ते आधी पाहू. बँडचा एजंट आणि इथला आयोजक यांच्यात करार होतो. आयोजक बँडला ठरावीक रकमेची हमी देतो, त्यातला मोठा भाग आगाऊ भरतो. कार्यक्रम पडला तरी ती रक्कम द्यावी लागते. मग विमानं, सामान, व्हिसा, जकातीची कागदपत्रं. बँड एका देशासाठी येत नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, आखात असा रस्ता आखला जातो आणि त्यात दोन तारखांच्या मधे मुंबई बसते का ते बघतात. २००८ साली आयर्न मेडनने एक बोइंग ७५७ विमानच दौऱ्यासाठी सजवून घेतलं. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. माणसं आणि सामान एकाच विमानात घालून, एरवी परवडत नाहीत अशा शहरांत ते जाऊ शकले, आणि त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. धंदा म्हणून ही हुशारीच होती, आणि तिच्यामुळे माझ्यासारख्याला तो कार्यक्रम ऐकता आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या करारासोबत एक जाडजूड पुरवणी येते. तिला 'रायडर' म्हणतात. मंच किती वजन पेलणारा हवा, वीज किती हवी, कलाकारांच्या खोलीत पाणी, फळं, टॉवेल किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. व्हॅन हॅलेन या अमेरिकी बँडच्या १९८२ च्या रायडरमध्ये एम अँड एम गोळ्या ठेवा, पण त्यातल्या तपकिरी काढून टाका, असं कलम होतं. लोकांना तो नखरा वाटला. त्यांचा गायक डेव्हिड ली रॉथ याने पुढे त्याचा खुलासा केला: खोलीत तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकाने पुरवणी वाचलेलीच नाही, मग मंचाच्या वजनापासून सगळं पुन्हा तपासायचं. मला हे कलम फार आवडतं. बँड आपल्या माणसांच्या जिवाची काळजी कागदावर घेतो, आणि तो कागद कोणी वाचला की नाही तेही तपासतो.

आता याच करारात गावाचा कागद कुठे आहे ते शोधा. पोलिसांची परवानगी असते, अग्निशमनाचा दाखला असतो, मद्याचा परवाना असतो. हे सगळे आयोजकाने सरकारकडून मिळवायचे कागद. ज्या गावाच्या रस्त्यावर तीस-चाळीस हजार माणसं येणार, त्या गावाने घातलेली अट एकही नाही. गाव त्या करारात पक्षकार नाही. ते पार्किंगची जागा आहे.

आपल्याकडे फिरतीचा खेळ ही काही नवी गोष्ट नाही. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावला दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात, फडमालकासमोर बसतात, तारीख धरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देतात. हल्ली हा शब्द खुनाशी जोडला गेलाय, पण मुळात तो असा ठरलेल्या कामाचा शब्द आहे. तंबू कुठे लावायचा, पाण्याची सोय कोणाची, जत्रेतला गोंधळ कोण आवरणार, हे कमिटीच्या डोक्यात असतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना त्याच गावात तोंड दाखवायचं असतं. या पद्धतीत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. कलावंत बायकांची पिळवणूक, उधाऱ्या, दांडगाई यांचा इतिहास सर्वांना माहीत आहे. पण एक गोष्ट तिच्यात पक्की आहे: सुपारी गाव देतं. खेळ गावात येतो तो गावाने बोलावलं म्हणून.

परदेशातला रॉकसुद्धा एकदा असा बोलावण्यावरून आपल्याकडे आला होता. २६ मार्च १९८० रोजी 'द पोलीस' हा ब्रिटिश बँड मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला. तेव्हा इथे या धंद्यातला आयोजक असा कोणी नव्हताच. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या धर्मादाय काम करणाऱ्या मुंबईकर बायकांच्या संस्थेने तो कार्यक्रम केला. संस्था इथली, तिचं काम इथलं, लोकांपुढे उत्तर देणाऱ्या बायकाही इथल्याच. यजमान असणं म्हणजे काय, ते त्या बायकांना ठाऊक होतं.

मावळात यजमान कोण असणार? इथली जमीन काय पाहून बसली आहे ते आधी सांगतो, कारण नव्या बाजारपेठेच्या सादरीकरणात ती स्लाइड नसते.

पाण्यापासून सुरुवात करू. पवना धरण मावळात आहे आणि त्याचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघं मेली, त्यात एक बाई होती. त्यानंतर सात वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, गहुंज्याच्या मैदानाची निगा पवनेच्या पाण्यावर राखली जाते हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने आयपीएलच्या सामन्यांसाठी ते पाणी वापरायला मनाई केली. म्हणजे या तालुक्यात मैदानाचं गवत आणि माणसाचा जीव एकाच नदीच्या हिशोबात आलेले आहेत. इथे कार्यक्रम आणायचा असेल तर पाण्याचा आकडा आधी टेबलावर ठेवावा लागेल. स्वच्छतागृहं, मंच, खाण्याचे स्टॉल यांना लागणारं पाणी कुठून येणार आणि कोणाच्या वाट्याचं कमी होणार?

मग गर्दी. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी लोणावळ्याला या. अर्धी मुंबई आणि अर्धं पुणे भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसलेलं असतं. ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी १५ जूनला, पुन्हा रविवारीच, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही वेळा मंत्री आले, मदत जाहीर झाली, बंदीचे फलक लागले. माणसं किती येतील हे कोणाला माहीत नव्हतं, असं म्हणण्याची सोय दोन्ही ठिकाणी नव्हती. दर रविवारी तीच माणसं, तोच रस्ता. फुकटची गर्दी ज्यांना सांभाळता आली नाही, त्यांना तिकिटाची गर्दी सांभाळता येईल, हा विश्वास कुठून आणायचा?

तिसरी गोष्ट आवाज आणि कचरा. पवनेच्या काठाला आज तंबूंची वस्ती आहे. शनिवारी रात्री प्रत्येक तंबूवाल्याचा स्पीकर वेगळा, गिटारवाला वेगळा, गाणी मात्र सगळ्यांची तीच. काही स्थानिक पोरांना त्यातून काम मिळालं हे खरं. रविवारी दुपारी काठावर काय उरतं तेही खरं. याच्या आधी, डिसेंबर २०१३ पासून काही वर्षं, अँबी व्हॅलीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा उत्सव भरत असे. अँबी व्हॅली मुळशी तालुक्यात, पण तिकडे जाणारा रस्ता लोणावळ्यातून, भुशीवरून. पाहुणे मुळशीचे, वाहतूककोंडी लोणावळ्याची. बाजारपेठेला तालुक्याची हद्द नसते. ती असते फक्त जबाबदारीला.

यावर मला दोन बाजूंनी उत्तरं मिळतात. पहिली बाजू पैशाची. जानेवारी २०२५ मध्ये, कोल्डप्लेचे मुंबई-अहमदाबादचे कार्यक्रम नुकतेच झालेले असताना, पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या परिषदेत 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. त्यानंतर शेकडो कोटींच्या उलाढालीचे हिशोब वर्तमानपत्रांत आले. हॉटेलं भरली, टॅक्सी चालल्या, विमानं भरली. खोटं काहीच नाही. पण उलाढाल म्हणजे गावाचं उत्पन्न नव्हे. हॉटेलचा मालक मुंबईचा, मंच लावणारी कंपनी दिल्लीची, हमीची रक्कम लंडनला, जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटला जाणार. गहुंज्याच्या वाट्याला बाउन्सरची रोजंदारी, पाण्याच्या बाटल्या विकणं आणि शेतात दोनशे रुपयांत गाडी लावू देणं. पिढ्यान्‌पिढ्या जमीन विकत आलेल्या तालुक्याला हा सौदा ओळखीचा आहे. आधी जमीन जाते, मग त्याच जमिनीच्या फाटकावर पोरगा गणवेश घालून उभा राहतो.

सरकारचा हात कुठे सैल सुटतो तेही पाहा. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सनचा कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला. तो रॉकवाला नव्हे, पण व्यवहार तोच. शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी म्हणून राज्य सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला आव्हान दिलं, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, आणि जानेवारी २०२१ मध्ये, चोवीस वर्षांनंतर, राज्य मंत्रिमंडळाने तीन कोटींहून अधिक रुपयांची ती माफी पुन्हा मंजूर केली. एका रात्रीच्या कार्यक्रमाचा कर माफ करण्यासाठी सरकारची चिकाटी चोवीस वर्षं टिकते. कोल्डप्लेसाठी अहमदाबादला खास गाड्या सुटल्या. पुणे-लोणावळा मार्गावर दुपारच्या लोकल वाढवा आणि तिसरा-चौथा रूळ टाका, ही मागणी करता करता मळवली-कामशेतची कॉलेजची पोरं नोकरीला लागून निवृत्तीच्या वाटेवर आली.

दुसरी बाजू संस्कृतीची. ती मला म्हणते, बरं झालं, विरोध करा. हे असलं परकीय संगीत आपल्या मावळात नकोच. छत्रपतींचा मावळ, एकवीरेचा मावळ. या मंडळींशी माझं अजिबात जमत नाही, आणि त्यांनी माझ्या लेखातली वाक्यं उचलू नयेत म्हणून स्पष्ट लिहितो.

मळवलीला १९७१ साली 'स्नेहयात्रा' नावाचा संगीतमेळा भरला होता. वुडस्टॉक होऊन दोनच वर्षं झाली होती. भारताचं वुडस्टॉक म्हणून जुने लोक अजून त्याची आठवण काढतात. म्हणजे रॉक मावळात येऊन अर्धशतक उलटून गेलं. मावळ बुडाला नाही. त्याच मळवली स्टेशनवरून चालत भाज्याच्या लेण्यात जा. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दगडात एक बाई नाचते आहे आणि दुसरी ढोल वाजवते आहे. मावळात वाद्य वाजायला तेव्हाही कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. आणि एकवीरेच्या दारातलं कार्ल्याचं चैत्यगृह बघा. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात धेनुकाकटाचे यवन आहेत. बंदरांवरून बोरघाट चढून येणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरची ही परकी माणसं. मावळ त्यांनाही बाजारपेठेचाच रस्ता होता. पण त्यांनी इथे खांब दिले, आणि त्यावरचा मजकूर इथल्या प्राकृतात, ब्राह्मी लिपीत लिहवून घेतला. परकीय माणूस इथे येण्यात काहीच वाईट नाही. तो काय ठेवून जातो, एवढंच बघायचं असतं.

माझी खरी भांडणं माझ्याच लोकांशी आहेत, काळे टी-शर्ट घालणाऱ्यांशी. आपण इतकी वर्षं तहानलेले राहिलो की कुणी येतोय म्हटलं की कुठलीही अट मान्य करतो. मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने काळ्या बाजारात तिकीट घेतो, उन्हात सहा तास उभे राहतो, पाण्याची बाटली बाहेर टाकायला लावून आत तीच दामदुपटीने विकली तरी गप्प बसतो. वर म्हणतो, तक्रार नको, नाहीतर ते परत यायचे नाहीत. गुडगावला काय झालं ते आठवा. २८ ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम तिथे होता. सुरक्षेच्या कारणावरून तो ऐनवेळी थांबवला गेला, संतापलेल्या प्रेक्षकांनी मंच मोडला. दोनच दिवसांनी बंगळूरला तोच बँड व्यवस्थित वाजवून गेला. बँड तोच, देश तोच, चाहतेही त्याच जातीचे. फरक तयारीचा होता. 'अटी घातल्या तर बँड येणार नाही' हे खोटं आहे. तयारी नसली की बँड येऊनही वाजवत नाही.

आणखी एक. परदेशी बँडच्या आधी मंचावर कोण उभं राहतं? आमच्या वडगाव-तळेगावच्या पोरांनी पत्र्याच्या शेडमध्ये, एमआयडीसीची पाळी संपवून, मराठीत मेटल वाजवायला घेतलंय. त्यांना लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये लग्नात हिंदी गाणी वाजवायचं काम मिळतं, स्वतःची गाणी वाजवायला जागा मिळत नाही. २०१० साली पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर सुरू झाला, तेव्हा परदेशी आणि देशी बँड एकाच आवारात, एकाच तिकिटात ऐकायला मिळाले. तो जमाना फार मोठा होता असं नाही, पण त्याने एक पायंडा पाडला होता. स्टेडियमच्या धंद्यात तो पायंडा मागे पडला. ज्या बाजारपेठेत माल फक्त आत येतो आणि बाहेर काही जात नाही, तिला आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बँडचा रायडर असतो, तसा गावाचाही असावा. परवानगी देण्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवलेला आणि करारात जोडलेला. त्यात काय असावं, हे मी माझ्या परीने सांगतो.

पाणी: कार्यक्रमासाठी लागणारं पाणी किती, कुठून, हे लिहून द्यायचं. पवनेचं आणि गावच्या योजनेचं पाणी वापरायचं नाही.

रस्ता: तिकिटातच रेल्वे किंवा बसचं भाडं धरायचं. बेगडेवाडी किंवा देहूरोड स्टेशनापासून मैदानापर्यंत बस आयोजकाची, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन्ही दिशांना जादा लोकल ठरल्याशिवाय तिकीटविक्री सुरू करायची नाही.

वेळ: ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहाची मर्यादा आहे, आणि वर्षातले पंधरा दिवस ती बारापर्यंत वाढवायचा अधिकार राज्याला आहे. ते पंधरा दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणांचे आहेत. तिकिटाच्या कार्यक्रमाने दहाला थांबायचं.

कचरा: आगाऊ अनामत रक्कम ग्रामपंचायतीकडे. मैदान, शेतं आणि रस्ता साफ झाल्याचं पंचायतीने लिहून दिल्यावरच ती परत.

पैसा: प्रत्येक तिकिटामागे ठरावीक वाटा पंचायतीला. जीएसटी आला तेव्हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या ६२ व्या नोंदीत करमणुकीवरचा कर पंचायती आणि नगरपालिकांसाठी राखून ठेवला गेला. ती खिडकी घटनेने उघडी ठेवली आहे. गावाच्या तिजोरीत तिच्यातून काही पडेल अशी व्यवस्था करणं राज्याचं काम आहे.

मंच: पहिला तास स्थानिक बँडचा. त्याच मंचावर, त्याच आवाजयंत्रणेवर, मानधन देऊन. भिंतीआड लावलेल्या 'लोकल स्टेज'वर नाही.

आणि एक तपकिरी गोळी. गावाच्या रायडरमध्येही असं एक कलम हवं, ज्यावरून कागद वाचला की नाही ते कळेल. माझी सूचना अशी: मंचावरचा प्रत्येक सुरक्षेचा फलक मराठीतही असावा आणि त्यावर गावाचं नाव 'गहुंजे' असंच असावं, 'पुणे' नव्हे, 'मुंबईजवळ' नव्हे. ते चुकलेलं दिसलं, तर बाकीची सगळी कलमं पुन्हा तपासायला घ्यावीत.

यातली एकही अट अशक्य नाही. बँड आपल्या टॉवेलांची संख्या लिहून घेऊ शकतो, तर गाव आपल्या पाण्याची लिहून घेऊ शकतं. या अटींवर जो आयोजक 'मग परवडत नाही' म्हणेल, त्याचा धंदा आजवर आपल्या पाण्यावर, आपल्या रस्त्यावर आणि आपल्या पोलिसांच्या जादा पाळ्यांवर परवडत होता, एवढंच त्यातून सिद्ध होईल. अशा माणसाला नारायणगावच्या राहुटीत कोणी बसवूनही घेतलं नसतं.

गहुंजे, सोमाटणे, उर्से, परंदवडी इथल्या ग्रामसभांनी हा विषय अजून कोणी मागितला नसताना घ्यावा. बँडचं नाव जाहीर झालं की पोरं खूश होतील, आमदार फोटो काढतील आणि प्रश्न विचारणारा अरसिक ठरेल. तारीख जाहीर होण्याआधी ठराव हातात असला, तर बोलणी त्या ठरावापासून सुरू होतील. आणि मग येऊ द्या ज्याला यायचंय त्याला. मी पहिल्या रांगेत असेन, तिकीट काढून.